धुराचा होकार

"संतांचं नाव घ्या! मोठ्यानं घ्या!" ग्रेगोरिओबुवांनी मागणं लिहिलेली पेटती चिठ्ठी जमिनीच्या भेगेपाशी नेली आणि काय सांगावं! मघाशी जेमतेम वाफ सोडणारं ते ज्वालामुखीचं पटांगण भसाभसा धूर ओकू लागलं. जवळच्या भेगा, लांबच्या भेगा, सगळ्या एकदम. निम्म्या पोत्सुओली गावानं गुडघे टेकले.

"पाहिलंत? खाली नरक, वर मी आणि मधे तुमची चिठ्ठी!" बुवा गरजले. "संत प्रोकोलोंनी होकार दिला! नुंत्सिया, तुझ्या पोरीच्या काळजाचं भोक बुजलं म्हणून समज!"

वर्षभरापूर्वी हेच बुवा मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर दाढ्या करत होते. तेव्हा त्यांना गिऱ्हाइकाच्या गालावरचं रक्त थांबवता येत नव्हतं. आता म्हणे काळजं शिवत होते.

नुंत्सिया डोळे पुसत उठली, तर समोर थोरली बहीण एर्सिलिया उभी. ती गाईड; प्रवाशांचा घोळका घेऊन गाव दाखवत नेमकी तिथंच पोचली होती.

"ताई, लुइझेल्लाचं उद्याचं ऑपरेशन नको. मी इस्पितळात कळवून टाकते."

एर्सिलियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही धुराची गंमत इथले गाईड आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवत. जर्मन बघून गेले, जपानी बघून गेले. राहिले होते ते फक्त गावकरी. आपल्याच दाराशी तिकीट कोण काढतो?

"अगं, कुठलाही कागद जाळ, धूर येतोच!"

"येईल की," बुवा कुत्सितपणे हसले. "पण मागणं नसेल तर तो नुसता धूर. मागणं असेल तर होकार!"

"असं होय?" एर्सिलियानं हातातल्या नकाशाच्या पाठीवर काहीतरी खरडलं आणि मोठ्यानं वाचलं, "संत प्रोकोलो, लुइझेल्लाला मुळीच बरी करू नका."

"ताई! जीभ झडो तुझी!" नुंत्सिया अंगावर धावली, पण तोवर कागद पेटला होता.

धूर उसळला. आधीपेक्षा दाट. या वेळी गुडघे कुणीच टेकले नाहीत. घोळक्यातल्या एका जर्मनानं तेवढ्या टाळ्या वाजवल्या.

"बोला बुवा, हाही होकारच ना?"

"संत... संत कोपलेत!"

"मग होकाराचा धूर कुठला आणि कोपाचा कुठला, तेवढं दाखवा."

"दाखव ना रे!" गर्दीतून एक कोळी ओरडला. "का वस्तरा आणून देऊ?"

हशा पिकला. बुवा टोपी चाचपत मागं सरकले.

एर्सिलियानं बहिणीचा हात धरला. "ऐक. इथं वाफ सतत निघते, पण डोळ्यांना नीट दिसत नाही. कागदाच्या धुराचे बारीक कण हवेत पसरले की वाफ त्यांना धरते, तिचे थेंब होतात आणि ढग दिसायला लागतो. एवढंच. त्या वाफेला ना तुझी चिठ्ठी वाचता आली, ना माझी."

नुंत्सियानं हात सोडवून घेतला. "पण मला भीती वाटते गं. डॉक्टर म्हणाले, शंभर टक्के खात्री देता येत नाही."

"नाहीच येत! खरं बोलणारा माणूस असंच सांगतो. शंभर टक्के खात्री देणारा तो बघ, कसा सटकतोय. बाई गं, विचार, तपासून बघ आणि मग विश्वास ठेव. आपली पोर आहे ती."

नुंत्सियानं विरत चाललेल्या धुराकडे एकदा पाहिलं आणि त्याच्याकडे पाठ फिरवली.

"सकाळी लवकर निघावं लागेल," ती शेवटी म्हणाली. "तू येशील ना बरोबर?"