फ्रंट स्ट्रीटवरून शेवटची फेरी

हार्लन रकमन गेला तेव्हा त्याचा धाकटा भाऊ डेलबर्ट त्याच्याशी कित्येक वर्षं बोललेला नव्हता.

भांडण पुरावरून झालं. मिसिसिपी नदीचं पाणी ब्रॅनम्स फेरी शहरात शिरलं ते लवकर हललंच नाही. चिखल उपसून झाल्यावर शहराच्या सभेत हार्लन उठला आणि म्हणाला, "आता पुरे. टेकडीवर जाऊ या." बहुतेकांनी हात वर केले. पणजोबांच्या वेळचं शहर उठून मक्याच्या शेतात जाऊन बसलं. जुनी घरं पाडली. डेलबर्टनं मात्र आपलं जोडे दुरुस्तीचं दुकान दिलं नाही. "आजोबांच्या उंबऱ्यावर तूच बुलडोझर आणलास," असं भर सभेत भावाला सुनावून तो निघाला, तो टेकडीवरच्या नव्या शहरात कधी गेलाच नाही.

आज हार्लनची बायको व्हर्ना स्वतः खाली आली होती.

"डेल, हार्लन गेला. पहाटे, झोपेतच."

डेलबर्टच्या हातात नवा तळ लावायला घेतलेला बूट होता. तो तसाच धरून त्यानं विचारलं, "कधी नेणार?"

"शनिवारी. नव्या चर्चमधून सरळ दफनभूमीत."

"इथून, फ्रंट स्ट्रीटवरून न्या."

"कशाला? गवताशिवाय काय उरलंय तिथं?"

"बाबांना तिथूनच नेलं. आईलाही."

"तो जिवंत असताना एकदा वर आला असतास तर? खेचरासारखा अडून बसलास!" व्हर्ना ओरडली. मग डोळे पुसत ती म्हणाली, "बरं. आणते त्याला."

जुन्या ब्रॅनम्स फेरीत कुणीही वारलं की शववाहिनी फ्रंट स्ट्रीटवरून सावकाश जायची. बेकरीवाली, न्हावी, बँकेतला कारकून, सगळे हातातलं काम टाकून आपापल्या दारात येत, टोप्या काढत आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे राहत.

शनिवारी डेलबर्ट कोट घालून दारात उभा राहिला. भावाच्या मागे गाडीत बसायला त्यानं नकार दिला होता. "माझं दुकान उघडं आहे. दुकानदाराची जागा दारात."

शववाहिनी आली. मागच्या गाड्या थांबल्या. बेकरीची म्हातारी लोरेटा काठी टेकत उतरली, गवतात उरलेल्या बेकरीच्या सिमेंटच्या पायऱ्या चढली आणि नसलेल्या दारापुढे उभी राहिली. ऑसगुड न्हावी आपलं दुकान कुठं होतं ते शोधत गवतात घुटमळला.

"तिथं नाही हो, तिथं बँक होती!" त्याची बायको गाडीतून ओरडली. "अजून डावीकडे!"

तो डावीकडे सरकला आणि त्यानं टोपी काढली. आणखी चार-पाच जण उतरले. तरुण मंडळी इंजिनं चालू ठेवून आतच बसून राहिली.

गाडी समोरून गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत डेलबर्ट दारात उभा राहिला.

नंतर डेलबर्ट पहिल्यांदाच टेकडीवर गेला. नव्या चर्चच्या हॉलमध्ये जेवणावेळी व्हर्नानं त्याच्यापुढे हॅम आणि चीज घातलेल्या बटाट्यांची बशी ठेवली.

"दर रविवारी चर्चनंतर मला घरी सोडून हार्लन खाली यायचा," ती म्हणाली. "तुझ्या दुकानासमोर गाडी लावून बसायचा. मला वाटायचं, तुला ठाऊक नसेल."

"दिसायची गाडी."

"मग?"

"पडदा ओढून घ्यायचो." डेलबर्टनं काटा उचलला, परत ठेवला. "थोडा उघडा ठेवून बघायचो. आज उतरेल, असं वाटायचं."

दोघा भावांना तिथं बसवून गदागदा हलवावं, असं व्हर्नाला वाटलं. पण आता एकच उरला होता.

"खा," ती म्हणाली. "गार होतंय."

हिवाळ्याआधी डेलबर्टनं दुकान शहराला देऊन टाकलं आणि टेकडीवर एक खोली घेतली. नव्या शहरात गल्ल्या सरळ आहेत, झाडं अजून खुजी आहेत. लोक त्याला ओळखतात, हात करतात. तोही करतो. हार्लनचं घर दोन वळणं पुढे आहे, चालत जाण्याजोगं.