आठ दिवसांत बसेल

त्याने कवळी घासायचं मशीन सुरू केलं आणि हवेत धरलं. पडद्यापलीकडे घर्र घर्र आवाज पोचला पाहिजे, एवढंच काम होतं. बाहेरच्या बाकावर एक निवृत्त मास्तर तोंड मिटून बसले होते. त्यांची कवळी याच्या डाव्या हातात होती आणि तिला मशीन लागलंसुद्धा नव्हतं. पुरेसा आवाज काढून झाल्यावर त्याने कवळी धुतली, पुसली आणि बाहेर नेऊन दिली. मास्तरांनी ती बसवली, दात एकमेकांवर आपटून पाहिले आणि म्हणाले, हां, आता बरंच हलकं वाटतंय.

आत येऊन तो लॅबच्या बाईंकडे बघून हसला.

"बघितलंत? दुखणं तोंडात नसतंच. डोक्यात असतं."

बाई त्याच्या मुलीच्या वयाच्या, पण लॅब आता त्याच चालवत होत्या. "आणि परवा परत आले तर, काका?"

"तर परवा पुन्हा हवेत."

कवळ्या बनवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मात्र खोटं नाही. मेणात एकेक दात तो असा बसवायचा की ते खोटे आहेत हे समोरच्याला सांगावं लागे. पण कुणी "बोचते" म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं. तोंडाला अजून सवय नाही, आठ दिवसांत बसेल. त्यामुळे लॅबमध्ये पाठीमागे सगळे त्याला आठदिवसे म्हणत. ते त्याच्या कानावर आलं होतं, आणि त्यातही त्याने आपलं कौतुकच शोधलं होतं.

एकदा बाईंनी फार जपून सांगून पाहिलं होतं. दात तुमचे सुंदरच असतात काका, फक्त आतली कड जरा बोटाने चाचपत जा, तक्रारी तिथल्याच येतात. त्याने मान डोलावली, आणि पुढे कित्येक दिवस चहा आपल्या टेबलावर, भिंतीकडे तोंड करून घेतला. शेवटी बाईंनीच तो विषय सोडला. घरीही तीच तऱ्हा. मुलगी फोनवर मनातलं सगळं आईला सांगायची, बाबांच्या वाट्याला "बाकी ठीक" एवढंच यायचं. कुणी काही बोलेनासं झालं की माणसाला वाटायला लागतं, आपलं आता काही चुकतच नाही. त्याचं तेच झालं होतं.

मास्तर गेले आणि थोड्याच वेळात शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका दवाखान्यातून डबी आली. त्या दवाखान्याचं काम एरवी दुसरा कारागीर बघायचा, पण तो रजेवर होता, म्हणून बाईंनी ती याच्यापुढे ठेवली.

"खालची कवळी आहे. डॉक्टरांनी निळ्या पेन्सिलीने खूण केलीय, तेवढं घासून लगेच पाठवायचंय. पेशंट तिथेच बसून आहेत," बाई म्हणाल्या आणि त्यांना हसू आलं. "त्या आजींची एक अट आहे म्हणे. ज्याने बनवली त्याला कळू देऊ नका, वाईट वाटेल बिचाऱ्याला."

तोही हसला आणि त्याने डबी उघडली.

समोरच्या दातांतला एक दात किंचित वळलेला होता. ती कारागिराची चूक नव्हती. त्याच्या बायकोचा स्वतःचा दात तसा होता, लग्नाआधीपासूनचा. सहा वर्षांपूर्वी तिची कवळी करताना तिचं हसू बदलू नये म्हणून त्याने तो मुद्दाम तसाच वळवून बसवला होता. इतका जीव ओतून त्याने दुसऱ्या कुणाचंच काम केलं नव्हतं.

सकाळी निघताना ती म्हणाली होती, बहिणीकडे जाऊन येते.

त्याने कवळी उलटी केली. निळ्या खुणेभोवती बारीक ओरखडे होते. ते कुठल्या मशीनचे नव्हते. नखं घासायच्या पट्टीने कुणीतरी घरच्या घरी घासून पाहिलं होतं, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी थोडंसंच, बनवणाऱ्याच्या नजरेत येऊ नये इतपत. त्याने कडेवरून अंगठा फिरवला. कड टोकदार होती, अंगठ्याला लगेच कळलं. सहा वर्षांपूर्वी फिरवला असता तर तेव्हाही कळलं असतं.

तिने सांगितलं नव्हतं असंही नाही. कवळी घातली त्याच आठवड्यात जेवताना ती म्हणाली होती, "अहो, इथे आत जरा लागतंय." तो ताटावरून उठला होता. "अख्खं शहर माझ्या दातांनी जेवतंय. तुझंच तोंड काय जगावेगळं आहे?" मग दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी तीच आपणहून म्हणाली, बसली हो आता, छान बसली. तेव्हापासून ती सगळं मऊ शिजवायची, सफरचंदाच्या पातळ फोडी करायची आणि हसताना तोंडावर हात धरायची. त्याला वाटायचं, वय झालं तशी लाजरी झाली. आता ती कुठल्याशा दवाखान्यात बाकावर तोंडावर हात धरून बसली असेल, आणि तिला काळजी असेल ती याला वाईट वाटेल याची. त्याला रडू आलं. धुळीसाठी तोंडाला मास्क लावलेला होता म्हणून बरं.

त्याने मशीन सुरू केलं आणि या वेळी ते टेकवलं. थोडं घासायचं, धुवायचं, अंगठा फिरवायचा, पुन्हा घासायचं. एवढ्याशा कामाला किती वेळ, म्हणून बाई डोकावल्या तेव्हा त्याने कवळी त्यांच्यापुढे धरली.

"जरा बोट फिरवून बघता? कुठे लागत असलं तर सांगा."

बाई बघतच राहिल्या. मग त्यांनी हळूच बोट फिरवलं. "इथे. अगदी किंचित."

त्याने कवळी घेतली आणि मुकाट्याने पुन्हा घासायला बसला. डबी रवाना झाल्यावर म्हणाला, "मास्तरांना उद्या बोलावून घ्या. त्यांची घासायची राहिलीय."

घरी जाताना त्याने काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. दार ढकललं तर आतून करकर आवाज आला. ती स्वयंपाकघरात खिडकीशी, दाराकडे पाठ करून उभी होती आणि अख्खं सफरचंद दातांनी तोडून खात होती. तो उंबऱ्यातच थांबला. तिला चाहूल लागली. तिचा हात आपसूक तोंडावर गेला आणि सफरचंद ओट्यावर.

"आलात? बहीण बरी आहे," ती म्हणाली.

"अगं, मला सांगायचं होतंस," तो म्हणाला, आणि तिने सांगितलं होतं हे आठवून मध्येच अडखळला. "म्हणजे... ती कवळी. तुला बोचत होती."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याला वाटलं, आता बोलेल. सहा वर्षांचं सगळं काढेल. काढावं तिने, आपण उभ्याने ऐकून घेऊ, मध्ये एक शब्द बोलणार नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणाची तरी बोलणी खायची होती.

"नाही हो," ती म्हणाली. "तुमची कवळी कशाला बोचेल?"

"खरं सांग."

"खरंच." तिने सुरी घेतली. "बसा, दमला असाल."

उरलेल्या सफरचंदाच्या तिने नेहमीसारख्या फोडी केल्या आणि बशी त्याच्यापुढे सरकवली. त्याने एक उचलून तोंडात टाकली. ती इतकी पातळ होती की चावावी लागली नाही.