एकेचाळीस दिवस थांबलेला खुलासा

मी दोन ओळींचा खुलासा बोलतोय. दचकू नका. माझ्यासारखे कितीतरी खुलासे तुम्ही न वाचताच वर सरकवले असतील. मी रागावत नाही, पण आज जरा ऐकून घ्या.

प्रोग्रॅमचे सुटे भाग जोडून चालतं अ‍ॅप तयार करून देणारं एक साधन आहे. त्याला टाइप करून हुकूम सोडायचा आणि हुकमापुढे हवा तो पर्याय जोडायचा. कुठला पर्याय काय करतो ते सांगणारं एक माहितीपान आहे. त्यावर ‘क्लीन’ या पर्यायापुढे वर्षानुवर्षं एवढंच लिहिलेलं होतं : ‘जुन्या फाइली साफ करतो.’

ते पान सांभाळणाऱ्या बाईंनी एकदा तो पर्याय स्वतः चालवून पाहिला. तयार अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये त्यांनी हाताने ठेवलेलं एक चित्र गायब झालं. “अगं बाई, हे तर सरसकट पुसतंय!” त्या म्हणाल्या, आणि चहा तसाच ठेवून त्यांनी मला लिहिलं : ‘हा पर्याय तयार अ‍ॅपचं फोल्डर पूर्ण रिकामं करतो. तुम्ही स्वतः तिथे ठेवलेल्या फाइलीही कायमच्या जातात.’ असा माझा जन्म झाला.

पण लिहिलं म्हणजे लगेच पानावर चढलं, असं नसतं. साधन बनवणाऱ्याची मंजुरी लागते. त्यांना सगळे दादा म्हणतात. त्यांचं टेबल बाईंच्या पाठीमागेच होतं. ज्याच्या पडद्यावर मी उघडतो, त्याची खोली मला दिसते, म्हणून हे ठाऊक.

चौथ्या दिवशी बाई खुर्ची वळवून म्हणाल्या, “दादा, माझा तो खुलासा बघितलात का?”

“अहो ताई, क्लीन म्हणजे साफ. शेंबड्या पोरालाही कळेल. त्यात खुलासा कसला?”

“मलाच नव्हतं ना कळलं.”

दादा हसले. “बरं, बघतो सोमवारी.”

माणूस वाईट नव्हता. कामात बुडालेला होता, आणि ज्याला एखादी गोष्ट पाठ असते त्याला ती सगळ्यांनाच पाठ आहे असं वाटतं. सोमवार येत गेले, मी मंजुरीसाठी थांबलेल्यांच्या यादीत खाली खाली जात राहिलो. ती यादी मात्र कुणालाही उघडून वाचता येते, खाली लिहिताही येतं.

एकेचाळिसाव्या दिवशी दुपारी मी एका अनोळखी पडद्यावर उघडलो. दोन खोल्यांचं घर, टेबलावर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. समोर गणिताची शिक्षिका, फावल्या वेळात अ‍ॅप करायला शिकलेली. मागे खिडकीशी तिचे वडील, गळ्याला रुमाल, मांडीवर पाटी.

तिने मला वाचलं. मग माझ्याखालची एकेचाळीस दिवसांपूर्वीची तारीख वाचली.

“बाबा,” ती म्हणाली, “यांना माहीत होतं हो.”

वडिलांनी पाटीवर लिहिलं, ‘काय?’ तिने की-बोर्ड पुढे ओढला.

मग तिने माझ्याखालीच सगळं लिहिलं. वडील शिंपी, मापं घेताना दिवसभर बोलणारे. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये आवाज कायमचा जाणार, हे कळल्यावर तिने त्यांच्याकडून एकशे तेरा वाक्यं बोलून घेतली होती. बटण दाबलं की त्यांचाच आवाज यावा, असं अ‍ॅप तिला करायचं होतं. अ‍ॅपला ते आवाज सापडेनात, म्हणून तिने सगळ्या फाइली उचलून थेट तयार अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये ठेवल्या. आवाज वाजला! तिला वाटलं, हीच त्यांची जागा. पुढे कुठलीशी जुनी चूक निघेना, तेव्हा गेल्या आठवड्यात तिने माहितीपान वाचलं आणि ‘क्लीन’ चालवलं. फाइली परत मिळवून देणाऱ्या दुकानदारानेही हात वर केले.

शेवटी तिने विचारलं होतं, ‘परत मिळतील का?’

दादांनी तीनदा लिहून तीनदा खोडलं. मग एवढंच लिहिलं : ‘नाही. चूक माझी आहे.’ बाई मागे उभ्या राहून वाचत होत्या. पाच मिनिटांत मला मंजुरी मिळाली.

आता मी लाल चौकटीत असतो. लोक मला वाचतात, थबकतात, फाइली आधी हलवतात. ‘बरं झालं लिहिलंत’ असंही कळवतात. ते वाचून मला शरमल्यासारखं होतं.

परवा तिने पान पुन्हा उघडलं. मागे वडिलांच्या हातात फोन होता. त्यांनी तिच्या अ‍ॅपमधलं एक बटण दाबलं, पुन्हा दाबलं. आवाज आला नाही. मग फोन बाजूला ठेवून, तिच्याकडे बघून, हाताची बोटं जुळवून ओठांशी नेली. जेवलीस का, असं विचारत होते. तिने मान हलवली आणि पडद्याकडे तोंड फिरवून रडली. तिचा चेहरा फक्त मला दिसला.

तुम्हाला काही माहीत असेल आणि ते सांगायचं राहिलं असेल, तर आजच सांगून टाका हो. समोरच्याला ठाऊक असेल, असं धरून चालू नका. चला, कुणीतरी पान उघडलंय. निदान त्याला तरी मी वेळेवर भेटतो.