दुसरा प्रोसेसर

आपल्या जुन्या वर्कस्टेशनवर दोन्ही प्रोसेसर एकत्र चालतात याचा पुरावा स्तामेनला रविवारी दुपारी बारापर्यंत पाठवायचा होता. नाहीतर सोमवारी त्या यंत्रांचा कोड ऑपरेटिंग सिस्टीममधून कायमचा काढणार होते. ही सिस्टीम जगभरच्या हौशी माणसांनी मिळून लिहिलेली, फुकट आणि सगळ्यांना खुली. तिच्यातला जुन्या यंत्रांचा भाग फिनलंडची हेन्रिका सांभाळायची. दोन वर्षांत कुणीच दोन प्रोसेसर चालवून दाखवले नाहीत, असं तिने सभ्यपणे कळवलं होतं.

बल्गेरियातल्या रुसे शहरात अशी यंत्रं चालवणारा स्तामेन एकटाच उरला होता. बायको गेल्यापासून त्याच्या यंत्राचं धूड जेवणाच्या टेबलावरच असायचं. एका प्रोसेसरवर ते मजेत चालायचं, पण दुसरा जागा करायला गेलं की जागच्या जागी गोठायचं. तीन आठवडे त्याने कोडची ओळन् ओळ चाळली. ड्रॉवरमधले चार जादा प्रोसेसर दुसऱ्या खाचेत आलटूनपालटून लावले. चौघांनीही दगा दिला.

रविवारी अकराला राद्का चीज भरलेली गरम बानित्सा घेऊन आली. दोघांनी बावीस वर्षं एकाच कारखान्यात संगणकाचे बोर्ड तपासले होते. स्तामेनने सगळी कर्मकहाणी सांगितली. तिने खाता खाता ऐकून घेतली.

"आणि पहिल्या खाचेतला?" तिने विचारलं.

"तो चांगला आहे. दहा वर्षं चालतोय."

"एकटा चालतोय. दुसऱ्याबरोबर कधी चाललाय?"

स्तामेनने पहिल्या खाचेकडे पाहिलं.

"कारखान्यात असा अहवाल आणला असतास तर मी तो तुझ्या तोंडावर फेकला असता," राद्का म्हणाली. " चार बदललेस आणि पाचव्याला हातसुद्धा लावला नाहीस."

तो आपल्या पहिल्या यंत्रातला आहे, त्याच्यात खोट निघणं शक्य नाही, असं स्तामेन सांगत राहिला. पण सांगता सांगताच त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला होता. दोन्ही प्रोसेसर काढून त्याने ड्रॉवरमधले दोन बसवले. साडेअकरा वाजले होते. सुरू होताना यंत्र आपली मेमरी तपासायला आठ मिनिटं घ्यायचं. राद्काने बस म्हटलं तरी तो बसला नाही.

पडद्यावर पहिला प्रोसेसर सुरू झाल्याची ओळ आली. नेहमी इथेच सगळं थांबायचं. आताही थांबलं. स्तामेनने टेबलाची कड घट्ट धरली.

मग खाली दुसरी ओळ उमटली. दुसरा प्रोसेसर सुरू. पाठोपाठ ओळींची रांगच लागली.

त्याने ती ओळ दोनदा मोठ्याने वाचली. वाचन पुरे, पाठव आता, असं राद्का म्हणाली. पण नुसत्या ओळीवर हेन्रिकाचं समाधान होणार नव्हतं. स्तामेनने दोन्ही प्रोसेसरना भरपूर काम लावलं. पंखे घरघरू लागले, टेबल थरथरायला लागलं आणि तो लहान पोरासारखा हसत सुटला. बाराला चार मिनिटं असताना पुरावा गेला. काढलेल्या प्रोसेसरवरचा छाप पाहून सोबत त्याने लिहिलं, "पहिल्या खाचेतला प्रोसेसर वेगळ्या घडणीचा होता, बाकीच्यांशी जुळत नव्हता. कोड बरोबर आहे, चूक माझी."

अर्ध्या तासात उत्तर आलं. कोड राहणार होता. मात्र यापुढची प्रत्येक नवी आवृत्ती स्तामेनने आपल्या यंत्रावर तपासून द्यायची.

"म्हणजे नोकरी लागली की तुला," राद्का म्हणाली. "पगार किती?"

"शून्य."

"चला, कारखान्यापेक्षा वेळेवर मिळेल."

तोवर स्तामेनने हेन्रिकाला 'हो' लिहून टाकलं होतं.