मेहमुदाची गॅलरी

“तुमचंच घर ना हे, दिलदारभाऊ?”

अनुजा मॅडम रस्त्यापलीकडे चिमणाबाईंच्या गोठ्याच्या भिंतीला टेपचं टोक लावून उभ्या होत्या. टेपची डबी घेऊन दिलदार अलीकडे आला होता आणि त्याच्या डोक्यावर त्याच्याच घराची गॅलरी होती.

“व्हय मॅडम. आमचंच.”

“बसत नाही हो.”

“न्हायच बसत,” दिलदार म्हणाला आणि टेप गुंडाळू लागला.

गडमुडशिंगीचा दिलदार जमादार ज्या सरकारी कंपनीत होता, तिच्या एका शेडमध्ये उपग्रह तयार होत आणि दुसऱ्या शेडमध्ये अणुभट्टीची अजस्र भांडी. यातलं काहीच दिलदार बनवत नसे. बनलेली वस्तू रस्त्यात मावत नसली, की तिच्यासाठी वाट करून देणं हे त्याचं काम. आधी जाऊन रस्ता बघून यायचा आणि मग ट्रेलर निघाला, की बांबूनं वरच्या तारा उचलत त्याच्यापुढं चालायचं. उपग्रहाला त्याची गरज पडत नसे. तो बंद गाडीतून गुपचूप निघून जाई. भट्टीचं भांडं मात्र गावोगावच्या लोकांना विचारत विचारत जाई. कुणाच्या पत्र्याच्या शेडला, कुणाच्या कुंपणाला हात लावावा लागे. दिलदार अशा घरी जायचा, पायरीवर बसायचा, मुलाबाळांची चौकशी करायचा, चहा घ्यायचा आणि मगच विषय काढायचा. कंपनी नंतर सगळं होतं तसं बांधून देई. आजवर त्याला कुणी हाकलून दिलं नव्हतं.

यावेळी हायवेच्या पुलाचं काम निघाल्यामुळं भांडं गडमुडशिंगीतूनच न्यावं लागणार होतं.

“गोठा नाहीतर गॅलरी,” मॅडम म्हणाल्या. “एक बाजू मोकळी करायला लागेल. तुम्ही गावचे. तुम्हीच बोला आणि उद्या सांगा.”

दिलदार आधी समोर गेला, कारण घरी जायचं धाडस होईना. चिमणाबाई म्हशीला पेंड चारत होत्या. त्यानं सगळं सांगितलं. 

“पाड की बाबा. देशाचं काम हाय म्हणतोस,” त्या म्हणाल्या. “पर म्हस आज-उद्या व्यायला झालीया. तिला कुटं बांदू? तुज्या गॅलरीत?”

दिलदार हसला, पण उठला तेव्हा निर्णय झालेला होता.

ती गॅलरी त्याच्या बायकोनं, मेहमुदानं मागच्या वर्षीच बांधून घेतली होती. काम चाललं असताना दिलदार परमुलखात कुठंतरी तारा उचलत होता. त्यानं परत येऊन बघितलं तर गॅलरी चांगली हातभर जास्तच बाहेर आलेली. “गवंडी चुकला काय?” त्यानं विचारलं होतं. “मीच सांगितलं,” मेहमुदा म्हणाली होती. “फाट्यापत्तोर दिसाय नको? तुमी कवा येतायसा ते?” तेव्हापासून तिचं शिलाई मशीनही तिथंच होतं.

संध्याकाळी तो जेवायला बसला. भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली.

“आमटी खारट झालीया काय?”

“न्हाय.”

“मग सकाळी गॅलरीखाली काय मोजालतासा, ते तरी सांगा.”

दिलदारनं ताट बाजूला सारलं. मेहमुदानं पाण्याचा तांब्या दणकन खाली ठेवला आणि ती वर निघून गेली.

थोड्या वेळानं तोही वर गेला. ती मशीनपाशी बसली होती. मशीन बंद होतं.

“हितं बसा,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या गावात कसं सांगतासा?”

“कसं म्हंजे? सांगतो आपलं.”

“तसंच मला सांगा. मी कोण परकी बाई हाय असं समजा. एकदम मुद्द्यावर येऊ नका.”

दिलदारनं घसा खाकरला. “बरं हाय न्हवं सगळं, भाभी?”

“बरं हाय. पावणं कुठलं तुमी?”

“गडमुडशिंगीचा.”

“असूंदे, असूंदे. गाव चांगलं हाय म्हणत्यात. तिथली बायकामाणसं लई सोशीक.”

दिलदारला हसू फुटलं, आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. त्यानं मग सगळं रीतसर सांगितलं. भट्टी कुठं उभी राहणार, तिच्यातून वीज कशी निघणार, भांडं किती रुंद आहे, आणि कंपनी गॅलरी पुन्हा बांधून देईल. 

“एवढं समजुतीनं बोलतासा व्हय लोकांच्यात,” ती अखेर म्हणाली. “घरात कधी ऐकाय मिळालं न्हाय. पाडा गॅलरी. पर त्या दिवशी मी दारात उभी ऱ्हाऊन बघणार न्हाय. तुमच्यासंगं चालणार.”

ट्रेलर आला तो सकाळी, ऊन चढायच्या आत. सगळं गाव रस्त्याकडेला जमलं होतं. गॅलरी आदल्या दिवशीच उतरवली होती आणि तिथं नुसती मोकळी जागा दिसत होती. भांडं बघायला पोरं कुंपणांवर चढली. ते गावच्या पाण्याच्या टाकीला आडवं निजवल्यासारखं दिसत होतं.

“बाँब हाय काय गा त्यात?” कुणीतरी विचारलंच.

“रिकामं हाय मुडद्या, तुज्या टाळक्यावानी,” चिमणाबाई गोठ्याच्या दारातून ओरडल्या. त्यांच्यामागं कालच जन्मलेलं रेडकू धडपडत उभं राहत होतं.

भांडं गोठा आणि घर यांच्यामधून अंगुळभर जागा राखत सरकलं. गावानं टाळ्या वाजवल्या. कुणी नारळ फोडला, कुणी गुलाल टाकला. अनुजा मॅडमच्या हेल्मेटवरही पडला. दिलदार बांबू घेऊन पुढं चालला होता आणि नवी साडी नेसलेली मेहमुदा त्याच्या बाजूनं झपझप चालत होती.

“ती बगा, ती डाव्या अंगाची तार!”

“दिसली गं.”

“न्हाय, लोंबालीया ती!”

“आगं, वीस वर्सं हेच करालोय न्हवं मी!”

“म्हणूनच सांगालेय. सवयीनंच माणूस फसतंय.”

मागं चालणारे कामगार खो खो हसत होते. दिलदारला आयुष्यात पहिल्यांदाच चालताना कुणाशी तरी बोलायला मिळत होतं.

गाव संपलं. हुपरीच्या रस्त्याला दोन्हीकडे ऊस सुरू झाला. पुढं दिलदारला महिनाभर असंच चालायचं होतं. मेहमुदा थांबली, पदरानं मानेवरचा घाम पुसला.

“जाते मी. मशीन घरात उचलून ठेवलंय, दोन ब्लाऊज द्यायचं हाईत.”

“जा. उन्हाचं दारात बसून ऱ्हाऊ नको.”

ती वळली. दिलदारनं मागं बघितलं. ट्रेलर इतका सावकाश चालला होता, की तिच्या पाठीवरची वेणीही त्याला स्पष्ट दिसत होती. तीही वळली आणि हसली. मग त्यानं तार उचलली, पुन्हा बघितलं. ती अजून दिसत होती. एरवी बसनं निघालं, की बस वळताच घर मागं पडायचं. आज मात्र कितीतरी वेळ दोघं आपापल्या वाटेनं चालत होती, अधूनमधून थांबून मागं बघत, हात हलवत.