मांदेलीची तपासणी

सातव्या कुत्र्याचे दात मालकानेच ओठ वर करून दाखवले आणि क्लिफर्ड यांनी दोन्ही हात पाठीमागे ठेवूनच ते पाहिले. मग पाठीवरून एकदाच, तापल्या तव्याला लावावीत तशी, बोटं फिरवली. मालकाने कुत्र्याचं डोकं घट्ट धरलं होतं. तरी क्लिफर्ड यांच्या शर्टाची कॉलर भिजली. जानेवारीतली सकाळ होती.

"छान. पुढचा घ्या."

वसईतल्या एका शाळेच्या मैदानात दोरी बांधून हे रिंगण केलं होतं. श्वान प्रदर्शनात गावठी कुत्र्यांचा गट यंदा पहिल्यांदाच. माणसाने मुद्दाम पैदास न करता आपली आपणच घडलेली ही जात. तिचीही नोंदवही असावी, असं आयोजकांचं म्हणणं. दोरीपलीकडची गर्दी मात्र मजा बघायला आली होती.

"अरे, हा तर आपल्या बिल्डिंगखालचा!"

"गप रे. आज साहेब आहे तो. ओळख दाखवणार नाही."

क्लिफर्ड हसले नाहीत. तीस वर्षं ते परीक्षक होते. कुठल्याही कुत्र्याच्या तोंडात बिनधास्त हात घालणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. ऑगस्टमध्ये एका ओळखीच्या घरी कुत्र्याने तोच हात पकडला. अंगठ्याच्या बेचक्यात नऊ टाके पडले. गाडीच्या दारात सापडला, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि इंजेक्शनं घ्यायला दर वेळी विरारला गेले, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. जखम भरली. त्यानंतर आज पहिल्यांदा ते रिंगणात उभे होते.

आठवी आली ती पाचूबंदरची मटिल्डा. मासळी विकणारी, पन्नाशीची बाई. तिच्या हातात होडीची निळी दोरी, आणि दोरीला सोनेरी रंगाची कुत्री. त्याच रंगाच्या मासळीवरून नाव ठेवलं होतं, मांदेली. वाळत घातलेल्या बोंबलांची राखण करायची.

कुत्री चारही पायांवर सरळ उभी राहिली. कान ताठ, शेपूट पायांत. नजर क्लिफर्ड यांच्यावर.

"डोकं धरा तिचं," ते म्हणाले.

"डोकं नाय धरायचं, सर. धरलं का बिथरते. मोकळी सोडली का गप उभी ऱ्हाते."

क्लिफर्ड यांनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या सुहासिनीबाईंकडे पाहिलं.

"मालकाने धरलंच पाहिजे असा नियम नाही, सर," त्या म्हणाल्या. "पण अंगाला हात तुम्हीच लावायचा."

त्यांनी हात पुढे केला. कुत्रीच्या पाठीपासून वीतभर अंतरावर तो थांबला. तिच्या नाकपुड्या हलताना दिसल्या. ओठ हलला का? त्यांच्या बेचक्यातली कातडी ताणली गेली, कानांत काहीतरी घुमू लागलं. हात पुढे जाईना.

त्यांनी तो मागे घेतला.

"तपासू देत नाही." आवाज नेहमीचा होता, ठाम. गर्दीतल्या कुणाला शंका आली नाही.

सुहासिनीबाईंनी तक्ता उलटला. तिथे छापलं होतं: तपासणी अपूर्ण. कारण: श्वान आक्रमक / श्वान भयभीत. लागू नसेल ते खोडावे.

"काय ठेवू, सर? आक्रमक?"

"आक्रमक म्हंजे चावरी ना?" मटिल्डा पुढे झाली. "बाई, तसं नका लिवू. आधीच बंदरावर दोघं टपलेत कुत्रे पकडायची गाडी बोलवून तिला उचलायला. कागद बघितला का त्यांचं काम झालं."

सुहासिनीबाईंनी क्लिफर्ड यांच्याकडे पाहिलं. शब्द परीक्षकाचा होता, त्यावर अपील नसतं.

मग मटिल्डा क्लिफर्ड यांच्याकडे वळली. आवाज खाली आणून म्हणाली, "सर, ती हलली काय? तिचे पाय बघा. हात तुमचा थांबला."

त्यांनी खाली पाहिलं. रिंगणात रेती पसरली होती. कुत्री उभी राहिली तेव्हा उमटलेल्या चार ठशांत तिचे चार पाय अजून होते. आजूबाजूची रेती साफ होती. त्यांच्या स्वतःच्या बुटांचा ठसा मात्र दोनदा मागे सरकला होता.

"तक्ता द्या इकडे."

'श्वान आक्रमक' हे दोन शब्द त्यांनी पूर्ण खोडले. पुढच्या दोनांपैकी फक्त 'श्वान' खोडला, वर 'परीक्षक' असं लिहिलं आणि खाली सही केली, नेहमीसारखी पूर्ण नावाची.

सुहासिनीबाईंनी वाचलं. चष्मा वर सरकवून पुन्हा वाचलं.

"सर, हे समितीकडे जाईल. पुढे तुम्हाला बोलावतील की नाही..."

"जाऊ दे. पलीकडच्या रिंगणातल्या परीक्षकाला, जेन्सनला, पाठवा. हिची तपासणी व्हायला हवी."

त्या गेल्या. मटिल्डाची नजर क्लिफर्ड यांच्या हाताकडे गेली, बेचक्यातल्या पांढऱ्या व्रणाकडे.

"कुत्र्याचं हाय काय?"

"ऑगस्टमधलं." हे त्यांनी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं होतं.

"हं," ती म्हणाली आणि दोरीचं टोक त्यांच्या हातात दिलं. "धरा जरा. तिला पानी आनते."

नको म्हणायच्या आत ती दोरीखालून वाकून गेलीसुद्धा. क्लिफर्ड यांच्या मुठीला घाम फुटला होता. कुत्री जवळ आली नाही, लांबही ओढली नाही. तिचं शेपूट अजून पायांतच होतं.

जेन्सन येईल त्या बाजूकडे दोघं बघत उभी राहिली. मधली दोरी रेतीत सैल पडली होती.