सगळ्यांसाठी एकच व्हर्जन

संस्थेत तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठ फिरली की काकू. सासूबाईंच्या आजारपणात सात वर्षं घरी काढून ती पुन्हा नोकरीला लागली होती, आणि चाळीस संशोधकांचा मिळून असलेला एकुलता एक सर्व्हर तिच्या हवाली झाला होता. सात वर्षांत जग कुठल्या कुठे गेलं होतं. ती टिपणवही उघडून एकटीच झगडत बसायची. विचारायची लाज वाटे.

इथले बहुतेकजण पायथन या भाषेत प्रोग्राम लिहीत. सर्व्हरवर त्या भाषेची तीन व्हर्जनं होती. कोणी कधी बसवली, कोण कुठलं वापरतं, कशाचाच पत्ता नव्हता. त्यात नवं व्हर्जन हवं म्हणून रोज कोणीतरी डोकं खायचं. शेवटी एका शुक्रवारी तिने ठरवलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाकू. तीन वाजता सगळ्यांना सूचना पाठवली, नवं व्हर्जन बसवलं, आणि चारच्या सुमारास जुनी काढून टाकली. सगळं सुरळीत दिसत होतं. आपल्यालाही काही येतं, असं तिला किती दिवसांनी वाटलं.

सोमवारी सकाळी ती पोचली तेव्हा विभागप्रमुखांच्या खोलीत परागवाली रडत होती. परागकणांवर पीएच.डी. करणारी ही मुलगी. सूक्ष्मदर्शकाखाली काढलेल्या हजारो फोटोंमधले कण मोजणारा तिचा प्रोग्राम अकरा दिवस चालू होता. तो अर्ध्यातच मेला होता. प्रबंध द्यायला सतरा दिवस उरले होते.

काकूंनी नोंदी उघडल्या. प्रोग्राम प्रत्येक फोटोसाठी जुन्या व्हर्जनला नव्याने हाक मारत होता. शुक्रवारी चार वाजून सहा मिनिटांनी ओ द्यायला कोणी उरलंच नव्हतं.

प्रमुखांनी तिला बाजूला घेतलं. "मॅडम, मी तिला सर्व्हर बंद पडला म्हणून सांगितलंय. तुम्हीही तेच म्हणा. तुम्ही अजून कायम झालेल्या नाही. उगाच कशाला हात दाखवून अवलक्षण?"

संध्याकाळी भाजी निवडताना सासूबाईंनी तिचा चेहरा ओळखला. त्यांचं सगळं आयुष्य शिवणकामात गेलेलं. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "चाळीस माणसं, आणि एकाच मापाचं कापड बेतलंस होय गं?"

"चुकलंच माझं. पण ते म्हणतात, गप्प बसा."

"त्यांचं काय जातंय? त्या पोरीला खरं कारण कळलं नाही तर ती काय दुरुस्त करणार?"

मंगळवारी ती परागवालीच्या टेबलापाशी गेली. बसलीसुद्धा नाही. "अगं, सर्व्हर बंद पडला नव्हता. मी जुनं व्हर्जन काढलं. कोणाचं काय चालू आहे ते न बघता काढलं. चूक माझी आहे."

मुलीने लॅपटॉप मिटला. "अकरा दिवस, मॅडम," एवढंच म्हणाली, आणि उठून बाहेर गेली.

तिच्यामागे जायचा काकूंना धीर झाला नाही. आपल्या जागेवर येऊन ती कामाला लागली. या खेपेला शेजारच्या विभागातल्या तंत्रज्ञाला सरळ विचारलं, "हे मला येत नाही, दाखवता का?" त्याने खुर्ची ओढली आणि दाखवलं. प्रत्येक व्हर्जन आपापल्या फोल्डरात बसवायचं; ज्याने त्याने आपल्या कामापुरतं हवं ते निवडायचं; एकाची निवड दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. जेवायच्या सुट्टीपर्यंत जुनी तिन्ही आणि नवं, अशी चारही व्हर्जनं शेजारी शेजारी नांदू लागली. मग ती वही घेऊन दारोदार फिरली. "तुम्ही कुठलं वापरता?" अर्ध्या लोकांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

चार वाजता परागवाली दारात उभी. डोळे सुजलेले, आवाज कोरडा. "मला अगदी तेच व्हर्जन लागेल. नंबराच्या शेवटच्या आकड्यापर्यंत तेच."

"तेच आहे. बस, बघून घे."

दोघींनी मिळून प्रोग्राम वाचून काढला. तो सगळे निकाल अगदी शेवटी लिहायचा, म्हणून अकरा दिवसांचं काहीच हाती उरलं नव्हतं. काकूंनी दर शंभर फोटोंनंतर लिहायला लावलं. सर्व्हरचे निम्मे प्रोसेसर रिकामेच पडून असत. फोटोंचे सहा वाटे करून ते त्यांच्यावर एकदम सोडले.

"हे आधी का नाही सांगितलंत कोणी?" मुलगी चिडूनच म्हणाली.

"तू विचारलं नाहीस, आणि मी बघितलं नाही."

त्याच आठवड्यात काकूंना पत्र आलं. कायम होणं तीन महिने पुढे ढकललं होतं. वाईट वाटलंच. नवऱ्यापुढे ती थोडी रडलीही. पण सूचनेच्या फलकावर तिने नवा नियम लावला: कुठलंही व्हर्जन काढायच्या आधी पंधरा दिवस सांगणार, आणि ते वापरणाऱ्या प्रत्येकाचा होकार घेणार. खाली सही केली.

प्रोग्राम पाचव्या दिवशी पुरा झाला. परागवाली लॅपटॉप घेऊन आली आणि न विचारता शेजारी बसली. आकडे बरोबर वाटत होते, फक्त एका फोटोत प्रोग्रामने चारशे कण मोजले होते. दोघींनी तो फोटो मोठा करून पाहिला. नमुन्याच्या काचेवर कोणाच्या तरी बोटाचा ठसा उमटला होता, आणि प्रोग्रामने त्याच्या रेघान् रेघा इमानदारीत मोजल्या होत्या.

मुलगी आधी हसली. मग काकूही.

"हा काढून टाकू?" काकूंनी विचारलं.

"थांबा, आधी असे अजून किती आहेत ते बघू," ती म्हणाली आणि तिने खुर्ची आणखी जवळ ओढली.